आंबट फॉर्मालिन आणि खोटी म्युटेशनं: जठराच्या कर्करोगावरच्या संशोधनातलं एक प्रकरण

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेचं आणि ती चालवणाऱ्या संशोधिकेचं आहे. व्यक्ती, रुग्णालयं आणि रुग्ण यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रेणवीय जीवशास्त्राचा भाग मात्र बदललेला नाही, कारण सगळा धडा त्यातच आहे.

पार्श्वभूमी

संशोधिका खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकल्या. त्यांची पीएचडी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या काग-ए प्रथिनावर झाली. हा जिवाणू वॉरन आणि मार्शल यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जठरदाहाशी जोडून दाखवला. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात टाकलं आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. काग-ए हे या जिवाणूचं हत्यार. सुईसारख्या यंत्रणेतून तो ते जठराच्या पेशीत टोचतो. आत त्याला फॉस्फेट जोडलं जातं, मग ते एसएचपी-२ या एन्झाइमला बिलगतं आणि पेशी आपला गोल आकार सोडून लांबट होते.

ही सगळी कामं एजीएस नावाच्या, जठराच्या कर्करोगातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर चालतात. ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, फ्लास्कमध्ये वाढवलेल्या ताज्या पेशी. हव्या तेव्हा काढा, डीएनए स्वच्छ आणि लांबलचक मिळतो. परदेशातल्या पुढच्या कामातही हेच होतं. थोडक्यात, दहा वर्षांच्या कारकिर्दीत संशोधिकेच्या हाताखालून मेणात घातलेला माणसाचा तुकडा कधी गेलाच नव्हता. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

परत आल्यावर त्यांना पाच वर्षांची फेलोशिप मिळाली. प्रस्ताव चांगला होता. २०१४ साली अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अॅटलास प्रकल्पाने २९५ गाठी तपासून जठराच्या कर्करोगाचे चार रेणवीय गट मांडले होते: एप्स्टाइन-बार विषाणूचा गट सुमारे ९ टक्के, मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमधले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) अस्थिर असलेला गट २२ टक्के, जीनोम स्थिर असलेला गट २० टक्के आणि गुणसूत्रं अस्थिर असलेला गट ५० टक्के. त्याआधी १९६५ पासून लॉरेनची विभागणी होती, आतड्यासारखा आणि विखुरलेला अशी दोन प्रकारांची. ती आजही वापरात आहे, पण औषध कोणतं द्यायचं हे तिच्यावरून ठरत नाही. सीमाभागातल्या रुग्णांच्या गाठी या चार गटांत कशा बसतात, हा संशोधिकेचा प्रश्न होता.

प्रश्नाला स्थानिक धार होती. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. तंबाखूच्या धुराने जठराचाही कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे गाठींच्या डीएनएमध्ये तंबाखूची खूण सापडेल, अशी अपेक्षा प्रस्तावातच लिहिलेली होती. अपेक्षा चुकीची नव्हती, पण ती आधीच लिहिलेली असल्याने डोळा तेच शोधत राहिला.

नमुने म्हणून बेळगाव, निपाणी आणि चिकोडी भागातल्या रुग्णालयांतले जुने पॅराफिन ब्लॉक, म्हणजे फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणात बसवलेले गाठींचे तुकडे घेतले. पहिल्या तुकडीत ३२ ब्लॉक होते.

अडचण

सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचण्याचा, निकाल आला तेव्हा प्रत्येक गाठीत म्युटेशनांचा नुसता पाऊस होता. त्यातली बहुतेक एकाच जातीची: डीएनएमधल्या सी या अक्षराचा टी झालेला, किंवा समोरच्या धाग्यावरून वाचलं तर जी-चा ए. प्रयोगशाळेत आनंद झाला. सीमाभागातल्या गाठींची वेगळी खूण सापडली, असा सारांश एका परिषदेला पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला. तंबाखू, खारवलेलं लोणचं, तिखट अशी कारणांची यादी तयार होऊ लागली.

पहिला ब्रेक संशोधिकेच्या जुन्या मार्गदर्शकांनी लावला. फोनवर ते एवढंच म्हणाले, “तंबाखूच्या धुराची खूण सी-चा ए होण्यात दिसते. तुझ्याकडे सी-चा टी होतोय. मग तंबाखूच्या माथी का मारतेस? आधी पुन्हा करून बघ.” संशोधिकेने ऐकून घेतलं, पण परिषद तीन आठवड्यांवर होती आणि पुन्हा करायला पैसे लागत होते. काम पुढे ढकललं गेलं.

दुसरा ब्रेक मात्र टाळता येण्यासारखा नव्हता.

निपाणीजवळच्या गावातली ३४ वर्षांची एक रुग्ण. विखुरलेल्या प्रकारची गाठ, सूक्ष्मदर्शकाखाली अंगठीसारख्या दिसणाऱ्या सिग्नेट रिंग पेशी. उपचार कोल्हापूरला सुरू होणार होते आणि तिथल्या डॉक्टरांनी ब्लॉक मागितला होता. तो न्यायला धाकटा भाऊ आला. ब्लॉक घेतला, सही केली आणि दारात थांबून म्हणाला, “मॅडम, अक्काला झालंय ते आम्हालाबी होतंय काय? घरात धाकटी बहीण हाय, तिचं लगीन ठरलंय.”

त्या वेळी संशोधिकेच्या संगणकावर याच गाठीची फाइल उघडी होती. त्यात सीडीएच१ जनुकात एक बदल दिसत होता: सीजीए-चा टीजीए, म्हणजे प्रथिन मध्येच तुटणार. सीडीएच१ हे ई-कॅडहेरिनचं जनुक, पेशीला पेशी चिकटवून ठेवणारं. त्यातला जन्मजात दोष कुटुंबात विखुरलेला जठराचा कर्करोग आणतो, हे १९९८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून कळलं. असा दोष असलेल्या निरोगी नातेवाइकांनाही जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. फाइलमधल्या त्या एका ओळीचं वजन एवढं होतं.

पहिला निर्णय: भावाला काय सांगायचं

तिथल्या तिथे तीन गोष्टी लक्षात घ्यायच्या होत्या. संमतीपत्रात लिहिलं होतं की संशोधनाचे निकाल वैयक्तिकरीत्या कळवले जाणार नाहीत. प्रयोगशाळा निदानासाठी मान्यताप्राप्त नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो बदल वाचलेल्या तुकड्यांपैकी फक्त ७ टक्क्यांत होता. जन्मजात बदल शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणून तो साधारण निम्म्या वाचनांत दिसायला हवा. ७ टक्के हे जन्मजात असण्याचं लक्षण नाही.

तरीही “काही नाही, घाबरू नका” असं म्हणणं चूक ठरलं असतं. पन्नाशीच्या आत विखुरलेला जठराचा कर्करोग झाला, तर फक्त तेवढ्यावरच सीडीएच१ची तपासणी सुचवावी, असं २०२०चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. त्यासाठी संशोधनाच्या फाइलची गरजच नाही.

संशोधिकेने हेच सांगितलं. माझ्याकडच्या कामावरून तुमच्या घराबद्दल काहीही सांगता येत नाही, पण अक्कांचं वय आणि गाठीचा प्रकार पाहता जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटा, तपासणी रक्तावर होते, या तुकड्यावर होत नाही, आणि पहिलं रक्त अक्कांचं घ्यायचं, भावंडांचं नंतर. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. आजारी व्यक्तीत दोष सापडला तरच नातेवाइकांत तो शोधण्याला नेमका अर्थ येतो. पत्ता आणि चिठ्ठी दिली. फाइलमधल्या ओळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आमच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत योग्य निर्णय होता, आणि तो घेताना वेळ मिळाला तो फक्त दोन-तीन मिनिटांचा.

त्या रात्री मात्र संशोधिकेने सारांश मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं.

चूक नेमकी कुठे होती

पहिल्यांदा त्याच ब्लॉकमधून नवे काप घेऊन डीएनए पुन्हा काढला आणि पुन्हा वाचला. खरा बदल दोन्ही वेळा त्याच जागी सापडतो. इथे बहुतेक सी-चे टी दुसऱ्या वेळी गायब होते आणि भलत्याच जागी नवे उगवले होते. सीडीएच१मधला तो बदलही दुसऱ्या वाचनात नव्हता, तिसऱ्यातही नव्हता.

मग डीएनए किती आहे ते दोन पद्धतींनी मोजलं. प्रकाशशोषणावर चालणारं यंत्र भरघोस आकडा दाखवत होतं, कारण ते तुटके तुकडे, आरएनए, सुटे अक्षररेणू सगळंच मोजतं. रंगद्रव्य लावून फक्त दुपेडी डीएनए मोजणाऱ्या फ्लुओरोमीटरवर तोच नमुना कितीतरी कमी भरला. शेवटी १००, २००, ३०० आणि ४०० अक्षरांचे तुकडे वाढवून पाहणारा पीसीआर लावला. बऱ्याच ब्लॉकांमध्ये जेलवर फक्त १००ची पट्टी उमटली, तीही फिकट. डीएनएचा भुगा झालेला होता.

इथे थोडं रसायन समजून घ्यायला हवं. फॉर्मालिनमध्ये सायटोसिन या अक्षराचा अमाइन गट निसटतो आणि त्याचं युरॅसिल होतं. पीसीआरचं एन्झाइम युरॅसिलला टी समजून वाचतं. ताज्या नमुन्यात मूळ प्रती हजारोंनी असतात, त्यामुळे अशी एखादी चूक दबून जाते. पण भुगा झालेल्या नमुन्यात वाढवता येण्याजोग्या प्रती समजा चौदाच उरल्या, आणि त्यातल्या एकीत ही चूक असली, तर निकालात ती ७ टक्के म्हणून झळकते. नंतर कितीही खोल वाचन केलं तरी ते त्याच चौदा प्रतींच्या झेरॉक्स वाचत असतं. दहा हजार वाचनं झाली म्हणून पुरावा दहा हजारपट होत नाही.

फॉर्मालिन सगळेच वापरतात, मग इथेच एवढं नुकसान का? याचं उत्तर प्रयोगशाळेत काप कापणाऱ्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी दिलं. त्यांनी एक स्लाइड लावली आणि रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला पडलेले तपकिरी-काळे बारीक दाणे दाखवले. “मॅडम, ही घाण नव्हे. फॉर्मालिन आंबट झालं की रक्ताच्या ठिकाणी हे दाणे पडतात. तालुक्याच्या बाटल्यांत नेहमी असतंय हे.” ते फॉर्मालिन पिगमेंट होतं. आम्लधर्मी फॉर्मालिन रक्तातल्या हीमशी संयोग पावून ते तयार होतं, आणि ध्रुवित प्रकाशात चमकतं. म्हणजे पुरावा पहिल्या दिवसापासून काचेवर होता. तंत्रज्ञांना तो रोज दिसत होता. फक्त कुणी त्यांना विचारलं नव्हतं, आणि सिक्वेन्सिंगच्या बैठकीला त्यांना कधी बोलावलंही नव्हतं.

संशोधिका त्यानंतर स्वतः एका तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेल्या. कोपऱ्यात पाच लिटरचा फॉर्मालिनचा कॅन, तळाशी पांढरा साका. बाजूला नळ. एक भाग फॉर्मालिन, नऊ भाग नळाचं पाणी, अंदाजाने. पीएच पट्टी बुडवली तर ती लालसर झाली, चारच्या आसपास. नमुन्याची बरणी लोणच्याच्या बरणीएवढी. त्यात काढलेलं जठर न कापता, गुंडाळी करून दाबून बसवलेलं, आणि वरचा भाग द्रवाच्या बाहेर. फॉर्मालिन ऊतीत तासाला सुमारे एक मिलिमीटर शिरतं. न उघडलेल्या जठराच्या आत ते पोचेपर्यंत अस्तर स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळायला लागलेलं असतं. ही बरणी मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून, नातेवाइकाच्या मांडीवर, एसटीने किंवा वडापने बेळगावला येते. शनिवारी दुपारी निघालेली बरणी सोमवारी उघडते, मध्ये सण आला तर बुधवारी.

यात कुणाचा हलगर्जीपणा आहे असं आम्हाला वाटत नाही. थिएटरमधल्या सिस्टरला “तुकडा कुजू द्यायचा नाही” एवढंच काम सांगितलेलं होतं आणि ते त्या चोख करत होत्या. या बरणीतून कुणी पुढे डीएनए वाचणार आहे, हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

दुसरा निर्णय: पुढे कोणता रस्ता

चार रस्ते समोर होते आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी होतं.

एक, गणकीय चाळणी लावायची. १० टक्क्यांखालचे सगळे सी-टी बदल फेकून द्यायचे आणि उरलेल्यावर शोधनिबंध लिहायचा. सर्वांत स्वस्त, सर्वांत जलद. पण विखुरलेल्या प्रकारात कर्करोगाच्या पेशी धाग्याधाग्यांच्या ऊतीत तुरळक पसरलेल्या असतात, तुकड्यात त्यांचं प्रमाण कमी असतं, म्हणून तिथले खरे बदलही कमी टक्क्यांतच दिसतात. चाळणीने खोट्याबरोबर नेमके तेच वाहून गेले असते. तरुण रुग्णांत जो प्रकार जास्त दिसतो, तोच आंधळ्या डागात गेला असता.

दोन, जुने ब्लॉक सोडून ताजी ऊती गोळा करायची. द्रव नायट्रोजन मिळणं अवघड नव्हतं, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी त्याचे कंटेनर या भागात गावोगावी फिरतात. अडचण उणे ८० अंशांच्या फ्रीजरची होती. त्याला अखंड वीज लागते, आणि शस्त्रक्रिया होतात पाच ठिकाणी, वेळ ठरलेली नाही. एका माणसाने पाचही थिएटरांच्या दारात उभं राहणं शक्य नव्हतं.

तीन, सिक्वेन्सिंग पूर्ण सोडून फक्त रंगक्रियांवर, म्हणजे कापांवर ठराविक रेणू रंगवून, गट ठरवायचे. विषाणूसाठी ईबर या विषाणूजन्य आरएनएचा शोध, अस्थिर गटासाठी एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही डीएनए दुरुस्त करणारी चार प्रथिनं, आणि उरलेल्यांसाठी ई-कॅडहेरिन व पी५३. खर्च कमी, आणि निकाल रुग्णाच्याही कामाचा. उणीव अशी की जीनोम स्थिर असलेल्या गटाला ई-कॅडहेरिन हा पर्याय अगदी ढोबळ आहे.

चार, बरणी सुधारायची. वेळ लागणार, शोधनिबंध निघणार नाही, आणि अनुदानात याचं खातंच नाही.

संशोधिकेने चौथा रस्ता पाया म्हणून घेतला, तिसरा त्यावर उभा केला, आणि कसोटीला उतरतील तेवढ्याच नमुन्यांचं सिक्वेन्सिंग ठेवलं. अनुदानातला सिक्वेन्सिंगचा पैसा रसायनं आणि प्रवास या खात्यांत वळवण्यासाठी परवानगी लागली. अर्जासोबत खोट्या म्युटेशनांचे दोन वाचनांचे तक्ते शेजारी शेजारी जोडले. मंजुरीला काही महिने गेले, पण ती मिळाली. चूक लपवून मागितली असती तर मिळाली नसती, असं आमचं मत आहे.

काय काय केलं

फॉर्मालिन आता एकाच ठिकाणी तयार होऊन पाचही थिएटरांना जातं. एक लिटरसाठी ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मालडिहाइड १०० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७च्या आसपास येतो, प्रत्येक घाण्याला पट्टीने तपासून कॅनवर तारीख घातली जाते. नुसती कृती पाठवून भागलं नाही. दोन ठिकाणी क्षार संपले की पुन्हा नळाचं पाणी सुरू झालं, म्हणून तयार द्रवच पाठवायचं ठरलं.

बरण्या रुंद तोंडाच्या घेतल्या. ऊतीच्या किमान दहापट द्रव. जठर मोठ्या वक्रतेवरून उघडायचं, गाठ तिथेच असेल तर दुसऱ्या बाजूने, आणि थर्माकोलवर टाचण्यांनी पसरून ठेवायचं. लेबल बरणीच्या अंगावर, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. लिखाण पेन्सिलीने, कारण शाई पसरते. लेबलवर दोन वेळा: नमुना शरीराबाहेर आला ती, आणि फॉर्मालिन ओतलं ती. फॉर्मालिनमधला एकूण काळ ६ ते ७२ तासांत बसायला हवा. हर२ या काही गाठींत जादा असणाऱ्या प्रथिनाची रंगक्रिया विश्वासार्ह व्हायलाही हीच मर्यादा धरतात.

दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना गाठीतून ६ ते ८ तुकडे घेण्याची विनंती केली. पूर्वी दोन-तीन घेत. जठराच्या गाठीत हर२ एका कोपऱ्यात असतं, दुसऱ्यात नसतं. २०१०च्या टोगा चाचणीत हर२ असलेल्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना केमोसोबत हर२वर नेम धरणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध दिल्यावर जगण्याच्या काळाचा मध्यांक ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला होता. ही संधी दोन तुकड्यांच्या कंजुषीत हुकू नये.

ब्लॉकच्या वापराचा नियम बदलला. एकदाच यंत्रावर लावून पहिला काप नेहमीच्या रंगासाठी, लगेच पुढचे दहा-बारा कोरे काप काढून ठेवायचे. प्रत्येक वेळी ब्लॉक नव्याने लावला की तोंड सरळ करण्यातच ऊती वाया जाते. आणि ब्लॉक कधीही संपवायचा नाही. तो रुग्णाचा आहे, पुढच्या डॉक्टरांना लागणार आहे. पहिल्या तुकडीत दोन ब्लॉक जवळजवळ संपले होते, ही गोष्ट नोंदवून ठेवायला हवी.

डीएनए काढण्याआधी पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर गाठीचा भाग शाईने आखतात आणि तेवढाच ब्लेडने खरवडला जातो. दर ब्लॉकला नवं ब्लेड. प्रोटिनेज-के ५६ अंशांना रात्रभर, मग ९० अंशांना एक तास, म्हणजे फॉर्मालिनने घातलेल्या रासायनिक गाठी सुटतात. त्यानंतर युरॅसिल कापून काढणाऱ्या एन्झाइमची प्रक्रिया, आणि प्रत्येक नमुन्याची दोन स्वतंत्र वाचनं.

त्या एन्झाइमवर पूर्ण विसंबता येत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सी-नंतर जी आला की त्या सी-वर बऱ्याचदा मेथिल गट असतो, आणि मेथिल असलेल्या सी-चा अमाइन गट गेला तर युरॅसिल न होता थेट टी होतो. एन्झाइमला त्यात वावगं काही दिसत नाही. सीडीएच१मधला तो सीजीए-चा टीजीए अशाच जागी होता. शिवाय युरॅसिलच्या जागी धागा तुटत असल्याने आधीच भुगा असलेले नमुने यात पूर्ण बाद होतात. ते बाद होणं चांगलंच.

एक उदाहरण कामाला येईल. विखुरलेल्या प्रकारात आरएचओए जनुकात बदल सापडतात. त्यातला ४२व्या जागचा टायरोसिनचा सिस्टीन होतो तो ए-चा जी होऊन. फॉर्मालिनची ही चाल नाही, त्यामुळे कमी टक्क्यांत दिसला तरी त्याकडे गांभीर्याने पाहायचं. पाचव्या जागचा आर्जिनिनचा ग्लुटामिन होतो तो मात्र जी-चा ए होऊन, म्हणजे फॉर्मालिनसारखाच. तो दोन्ही वाचनांत आल्याशिवाय लिहायचा नाही. एकच जनुक, पण पुराव्याची मागणी वेगळी.

रंगक्रियांतही एक सापळा निघाला. एमएलएच१ गाठीत दिसलं नाही की लगेच “गेलं” असं लिहिण्याचा मोह होतो. शेजारच्या लिंफोसाइट आणि आधारपेशींच्या केंद्रकांत ते दिसतंय का, हे आधी पाहायचं. तिथेही कोरं असेल तर प्रथिन गेलेलं नाही, ऊती नीट मुरलेली नाही. असा अहवाल “तपासता येत नाही” म्हणूनच बाहेर जातो.

संमतीपत्रही पुन्हा लिहिलं, मराठीत आणि कन्नडमध्ये वेगवेगळं, एकाचं भाषांतर करून दुसरं नाही. “जनुकीय क्रमवाचन” हा शब्द कुणाला कळत नव्हता. “दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याचा थोडा भाग” हे सगळ्यांना कळलं. घरच्यांना उपयोगी पडेल असं काही आढळलं तर कळवायचं का, हा वेगळा प्रश्न आणि त्यापुढे वेगळी सही.

परिणाम

अक्कांची रक्ततपासणी झाली. सीडीएच१मध्ये दोष सापडला नाही. निकष बसत होते म्हणून तपासणी योग्यच होती, आणि फाइलमधला तो बदल खोटा होता हेही तिथे पक्कं झालं.

पहिल्या ३२ पैकी ३०० अक्षरांच्या कसोटीला ११ ब्लॉक उतरले. वेगळी खूण म्हणून जे दिसत होतं ते या अकरांमध्ये नव्हतंच. नव्या बरण्यांतून आलेले बहुतेक नमुने कसोटी पार करतात. चार गटांची टक्केवारी संशोधिकेने अजून जाहीर केलेली नाही, कारण संख्या लहान आहे. त्यावर दबाव आहे आणि त्या तो सोसत आहेत.

किंमतही मोजावी लागली. तिसऱ्या वर्षी एका कायम पदाच्या मुलाखतीत, परत आल्यापासून मुख्य लेखक म्हणून काय छापलं, असं विचारलं गेलं. दाखवायला काहीच नव्हतं, पद मिळालं नाही. पुढच्या वर्षी ऊती जपण्याच्या पद्धतीवरचा एक छोटा निबंध छापून आला. त्यात ज्येष्ठ तंत्रज्ञ सहलेखक आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

३२ ब्लॉक एकदम वाचायला द्यायला नको होते. पाच ब्लॉक, प्रत्येकी दोनदा, आणि सोबत लांबीचा पीसीआर एवढं आधी केलं असतं तर सगळं पहिल्या महिन्यात उघडं पडलं असतं. त्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ होता. मार्गदर्शकांच्या फोननंतर सारांश लगेच मागे घ्यायला हवा होता. तो मागे घ्यायला एका घाबरलेल्या भावाचा प्रश्न लागला, ही या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे.

प्रस्ताव लिहितानाच थिएटरची एक फेरी आणि तंत्रज्ञांसोबत एक दुपार व्हायला हवी होती. सिक्वेन्सिंगच्या बैठकीत आता ते बसतात आणि पहिली स्लाइड तेच लावतात.

वेळेची शिस्त अजून पूर्ण लागलेली नाही. पावसाळ्यात खानापूरकडची बरणी एखाद-दुसरा दिवस अडकते, त्यावर उपाय सापडलेला नाही. रविवारी आलेल्या बरण्यांवर दुसऱ्या वेळेचा रकाना कधीकधी कोरा असतो. अशी बरणी आली की सोमवारी सकाळी पहिला फोन त्या थिएटरच्या सिस्टरना जातो, आणि वेळ आठवत नसेल तर लेबलवर पेन्सिलीने “वेळ माहीत नाही” असं लिहून तो नमुना सिक्वेन्सिंगच्या यादीतून काढला जातो.